वाचकांचे प्रश्न : टायरमधील हवेचा पिवळा दिवा

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे डॅशबोर्डवरच्या एकाच खुणेविषयी आहेत. घोड्याच्या नालासारखा, तळाशी दाते असलेला आकार आणि त्याच्या मधोमध उद्गारचिन्ह अशी ती पिवळी खूण टायरमधील हवा कमी झाल्याचे सांगते. पत्रांतून जाणवले ते असे, की दिवा लागल्यावर घाबरणारे वाचक जितके आहेत, तितकेच त्याची सवय करून घेतलेलेही आहेत. दुसऱ्या गटाची मला अधिक काळजी वाटते, म्हणून त्यांच्यापैकी एका पत्राने सुरुवात करतो.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून पहाटे गाडी सुरू केली की हा दिवा लागतो आणि वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवली की आपोआप विझतो. चारही टायर डोळ्यांना व्यवस्थित दिसतात. सेन्सर बिघडला आहे असे समजून दुर्लक्ष केले तर चालेल का?

उत्तर : आपला सेन्सर बहुधा अगदी योग्य काम करत आहे. बंदिस्त हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो आणि तापली की चढतो. समजा, २५ अंश सेल्सिअस तापमानात आपण टायरमध्ये ३३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, हे दाब मोजण्याचे एकक) हवा भरली. पहाटे पारा ५ अंशांवर आला, तर टायरमधून तसूभरही हवा बाहेर गेलेली नसताना तो दाब साधारण ३० पीएसआयवर येतो. पुढे गाडी धावू लागली की टायर सतत दबतो आणि सुटतो, त्यातून तो तापतो, आतील दाब तीन-चार पीएसआयने वाढतो आणि दिवा विझतो.

मात्र इथे एक हिशेब नीट पाहावा, कारण मुख्य मुद्दा त्यातच आहे. हा दिवा दाब जरासा कमी होताच लागत नाही. अमेरिकेत २००० साली झालेल्या कायद्यानंतर ही यंत्रणा सक्तीची करण्यात आली आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या सर्व नव्या हलक्या वाहनांना ती लागू झाली. त्या नियमानुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के घट झाल्यावर सूचना मिळणे बंधनकारक आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींत ती आवश्यक झाली आणि तिथली मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरसाठी दिवा लागतो तो साधारण २५ ते २६ पीएसआयला. काही गाड्या त्याआधीही सूचना देतात, परंतु तसे गृहीत धरून चालू नये.

आता आपल्या गाडीचे पाहू. थंडीमुळे फार तर तीन पीएसआय गेले असतील. उरलेली चार-पाच पीएसआयची घट कुठून आली? चांगल्या टायरमधूनही दर महिन्याला एक ते दोन पीएसआय हवा रबरातून आणि जोडांमधून झिरपून जाते. याचा अर्थ असा, की गेले तीन-चार महिने टायरमध्ये हवा भरली गेलेली नाही आणि थंडी केवळ निमित्त ठरली. दिवा विझतो तेव्हाही टायरमधील हवा कमीच असते, फक्त ती तापल्यामुळे दाब त्या मर्यादेच्या किंचित वर येतो. विझलेला दिवा म्हणजे पुरेशी हवा, असा समज सर्वप्रथम मनातून काढून टाकावा.

टायर डोळ्यांना ठीक दिसतात, या म्हणण्यावरही विसंबू नये. आजचे रेडियल टायर जमिनीपाशी मुळातच थोडे फुगलेले दिसतात. ३३ आणि २५ पीएसआयमधला फरक अनुभवी माणसालाही नुसत्या नजरेने नेमका सांगता येत नाही. कमी हवेच्या टायरची बाजू मात्र प्रत्येक फेऱ्याला गरजेपेक्षा अधिक वाकते, त्यातून उष्णता साठते आणि भरलेली गाडी तापलेल्या रस्त्यावर वेगात असताना रबराचे थर एकमेकांपासून सुटून टायर फुटू शकतो.

गाडी किमान तीन तास उभी असताना, म्हणजे टायर थंड असताना, दाब मोजावा आणि पूर्ण करावा. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी, तसेच पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तो वेगळा असू शकतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो पाहून हवा भरणे चुकीचे आहे.

प्रश्न : पंपावर जाऊन चारही टायरमध्ये हवा भरून घेतली, तरी दिवा विझलेला नाही. हवा भरणाऱ्याने टायर ठीक असल्याचे सांगितले आहे.

उत्तर : आपल्या गाडीत कोणत्या पद्धतीची यंत्रणा आहे, त्यावर याचे उत्तर अवलंबून आहे, आणि ही माहिती प्रत्येक गाडीमालकाला असायलाच हवी असे मला मनापासून वाटते.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक चाकात, बहुधा व्हॉल्व्हच्या आतील टोकाला, बॅटरीवर चालणारा छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीतील संगणकाला कळवतो. अशा गाडीत बहुतेक वेळा प्रत्येक टायरचा दाब पडद्यावर आकड्यांत दिसतो. चाके फिरू लागल्यावरच हे सेन्सर नियमित संदेश पाठवू लागतात, त्यामुळे हवा भरल्यानंतर काही किलोमीटर गाडी चालवेपर्यंत दिवा तसाच राहू शकतो.

दुसऱ्या पद्धतीत चाकात सेन्सर नसतोच. जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो, तीच मोजणी इथे वापरली जाते. हवा कमी झालेला टायर थोडा खाली बसतो, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढेच अंतर कापायला त्याला इतर चाकांपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. संगणक त्या फरकावरून निष्कर्ष काढतो. या पद्धतीला मूळ स्थिती कोणती, हे आपण सांगावे लागते. हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर गाडीतील रीसेटचे बटण दाबावे लागते किंवा पडद्यावरील पर्याय निवडावा लागतो.

हे रीसेट करताना होणारी एक चूक फार महागात पडते. दिवा लागल्याचा त्रास होतो म्हणून अनेक जण हवा न तपासताच बटण दाबतात. त्या क्षणी टायरमध्ये २६ पीएसआय असेल, तर यंत्रणा त्यालाच योग्य स्थिती मानते आणि त्याहूनही बरीच घट होईपर्यंत गप्प राहते. म्हणून आधी थंड टायरमध्ये मोजून हवा भरावी आणि मगच रीसेट करावे. शिवाय ही पद्धत प्रामुख्याने चाकांची परस्परांशी तुलना करते. चारही टायरमधील हवा महिनोन्महिने सारख्याच प्रमाणात उतरत गेली, तर साध्या यंत्रणेला ते वेळेवर उमगत नाही.

आणखी एक शक्यता आहे. पंपापर्यंत बरेच अंतर गाडी चालवून आपण तापलेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय भरून घेतले असेल, तर टायर थंड झाल्यावर तो दाब २९-३० वरच येईल. तापलेल्या टायरमध्ये हवा भरण्यावाचून इलाज नसेल, तर ठरलेल्या आकड्याहून तीन-चार पीएसआय जास्त भरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजावी. याउलट, तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू मात्र कधीही नये. पंपावरचे मीटरही नेहमी अचूक असतेच असे नाही, म्हणून एक साधे प्रेशर गेज स्वतःच्या गाडीत ठेवावे. माझ्या गाडीत ते चालकाच्या दाराच्या कप्प्यात असते, आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा मी त्याच्यावर अधिक भरवसा ठेवतो.

प्रश्न : गाडी सुरू केल्यावर दिवा साधारण एक मिनिट उघडझाप करतो आणि मग स्थिर राहतो. हवा तपासली, ती बरोबर आहे.

उत्तर : उघडझाप करणारा दिवा आणि सुरुवातीपासून स्थिर असलेला दिवा यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. स्थिर दिवा हवा कमी असल्याचे सांगतो. साठ ते नव्वद सेकंद उघडझाप करून मग स्थिर होणारा दिवा यंत्रणेतच बिघाड असल्याचे सांगतो. अशा वेळी टायरमधील हवा खरोखर उतरली, तरी आपल्याला वेगळी सूचना मिळणार नाही.

चाकात सेन्सर असतील तर पहिला संशय त्यांच्या बॅटरीवर घ्यावा. ती साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि सेन्सरमध्येच बंद केलेली असल्याने बहुधा पूर्ण सेन्सर बदलावा लागतो. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागत असल्यामुळे, गाडी जुनी असेल तर नवे टायर बसवतानाच सेन्सरही बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. नवा सेन्सर गाडीच्या संगणकाला ओळखून द्यावा लागतो, हे काम झाले का, ते विचारून घ्यावे. सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली असतानाही असाच दिवा दिसतो.

प्रश्न : महामार्गावर वेगात असताना हा दिवा लागला, तर नेमके काय करावे? मागच्या महिन्यात असे झाले तेव्हा मी घाबरून जोरात ब्रेक दाबला.

उत्तर : ब्रेक जोरात दाबणे हीच टाळण्याची गोष्ट आहे. एका टायरमध्ये हवा नसताना जोरात ब्रेक लावला किंवा स्टिअरिंग झटक्याने वळवले, तर गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा, सिग्नल द्यावा आणि गाडीला आपोआप वेग सोडू द्यावा. गाडी एका बाजूला ओढत असेल, मागची बाजू डोलत असेल किंवा चाकाखालून धपधप असा आवाज येत असेल, तर हवा वेगाने जात आहे असे समजून मिळेल त्या पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. यांपैकी काहीच जाणवत नसेल, तर वेग कमी ठेवून जवळच्या थांबण्याजोग्या जागेपर्यंत जाता येते. घरी पोहोचल्यावर पाहू, असा विचार मात्र करू नये.

थांबल्यावर धोक्याचे दिवे लावावेत आणि प्रवाशांना वाहतुकीपासून दूर, शक्य असल्यास कठड्याच्या पलीकडे उभे करावे. मग गेज लावून चारही टायर मोजावेत. धावून आलेल्या टायरचा दाब ठरलेल्या आकड्याहून जास्तच असायला हवा. तो नेमका ठरलेल्या आकड्याइतका दिसला, तरी टायरमध्ये हवा कमी आहे असे समजावे. एखादा टायर इतर तिघांच्या बराच मागे असेल, तर पंक्चर, व्हॉल्व्हमधील गळती किंवा रिमच्या कडेची गळती यांपैकी काहीतरी आहे. खिळा किंवा स्क्रू रुतलेला दिसला, तर तो तिथे उपटू नये. ट्यूबलेस टायरमध्ये तोच काही वेळ भोक बुजवून धरतो.

पूर्ण बसलेल्या टायरवर थोडे अंतरही गाडी चालवू नये. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायरची बाजू चिरडली जाते आणि आतील धागे तुटतात. बाहेरून टायर चांगला दिसला, तरी तो पुन्हा वापरण्यायोग्य राहत नाही. जमिनीला टेकणाऱ्या भागातील साधे पंक्चर दुरुस्त होते, बाजूवरच्या भिंतीतले दुरुस्त करून वापरणे धोक्याचे असते. टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक बुजवणारे द्रव्य, घातले असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला ते आवर्जून सांगावे, कारण त्याने सेन्सरचे छिद्र बुजू शकते.

प्रश्न : नायट्रोजन भरल्यास हा दिवा लागणे थांबेल का?

उत्तर : नाही. आपण भरतो त्या साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानानुसार दोन्हींचा दाब जवळपास सारखाच बदलतो. नायट्रोजन थोडा सावकाश झिरपतो आणि तो कोरडा असतो, एवढा फायदा खरा. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये गरज पडल्यास साधी हवा भरायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : सेन्सर बदलणे खर्चिक आहे, म्हणून ही सूचनाच बंद करून घ्यावी किंवा दिव्यावर पट्टी चिकटवावी, असा सल्ला मला मिळाला आहे. योग्य आहे का?

उत्तर : हा सल्ला कृपया स्वीकारू नका. आधीच उशिरा मिळणारी सूचना आपण त्यामुळे पूर्णच गमावाल, आणि उद्या ही गाडी घरातील दुसरे कोणी चालवील तेव्हा त्याला दिवा बंद केल्याचे ठाऊकही नसेल. खर्च लगेच करणे शक्य नसेल, तर तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी थंड टायरवर गेज लावावे. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे, स्वतंत्र पडद्यासह येणारे बाहेरचे सेन्सरही तात्पुरता आधार म्हणून वापरता येतात, मात्र ते बसवल्यावर व्हॉल्व्हपाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना, हे पाहावे. व्हॉल्व्हवर शोभेच्या धातूच्या टोप्या लावू नयेत. सेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर त्या गंजून घट्ट बसतात आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. साधी प्लास्टिकची टोपी उत्तम.

गेज हातात असताना स्टेपनीही मोजावी, कारण बऱ्याच गाड्यांत हा दिवा तिच्याविषयी काहीच सांगत नाही. आपली स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद, तात्पुरत्या वापराची असेल, तर तिच्यात ३३ नव्हे, बहुधा ६० पीएसआय हवा लागते. तो आकडा आणि तिच्यासाठीची वेगमर्यादा तिच्यावरच लिहिलेली असते.