वहीचं कुलूप आधी काढा

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका वडिलांचं पत्र आलं आहे: "मुलगा बारावी सायन्सला आहे. सहामाहीत गणितात 58. रोज गच्चीवर प्लास्टिकच्या कपांचं यंत्र लावून वाऱ्याच्या नोंदी करतो, पवनऊर्जेत जायचं म्हणतो. नागपुरात रात्री झाडाचं पान हलत नाही, इथं वाऱ्यात कसलं आलं करिअर? वही कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. आता जेवतानाही बोलत नाही. कम्प्युटर इंजिनीअरिंगसाठी त्याचं मन वळवा."

भाऊ, मला 58 मार्कांची काळजी वाटली नाही, कुलपाची वाटली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना आपल्याला काय आवडतं हेच सांगता येत नाही. तुमचा मुलगा कोणी न सांगता रोज ठरल्या वेळी वर जातो, मोजतो, लिहून ठेवतो. ही शिस्त क्लास लावून येत नाही. चोरीचा माल पकडल्यासारखी वही जप्त केल्यावर त्यानं गणित किती सोडवलं? बोलणं तेवढं बंद केलं.

आता तुमचं ते न हलणारं पान. संक्रांतीला पतंग उडवला असेलच. गच्चीवर तो उचलता उचलत नाही. पण एकदा का कडुलिंबाच्या आणि टाकीच्या वर गेला, की चक्री हातात टिकत नाही. झाडं, घरं जमिनीलगतचा वारा अडवतात. रात्री तर आणखी गंमत. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन बसते. वरचा वारा तिच्यापासून सुटतो, जमिनीचं घर्षण त्याला लागत नाही, आणि शे-दोनशे मीटरवर तो पुष्कळदा दिवसापेक्षा जोरात वाहतो. आजच्या पवनचक्क्यांचा मध्य 100 ते 140 मीटरवर असतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. म्हणून अंगणातल्या पानावरून पवनऊर्जेचा अंदाज बांधू नये.

नागपुरात साताऱ्याच्या वनकुसवड्यासारखं पवनचक्क्यांचं पठार नाही, हे खरं. पण पवनचक्की साताऱ्यात किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला असली, तरी तिच्या वाऱ्याचा अंदाज बांधणारा माणूस कुठल्याही शहरात कम्प्युटरसमोर बसतो. किती वीज देणार हे दर 15 मिनिटांच्या हिशेबानं, म्हणजे दिवसाला 96 वेळा, आधी सांगावं लागतं. ठरल्या मर्यादेपलीकडे चुकलं की दंड. तुम्हाला हवा असलेला कम्प्युटर इथंही आहेच.

वाटा तुम्हाला ठाऊक आहेत: जेईई किंवा एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंग, नाहीतर भौतिकशास्त्रात बीएस्सी करून पुढे वातावरणविज्ञानात एमएस्सी.

मुलालाही हे वाचू द्या, कारण पुढचं त्याच्यासाठी आहे. बाबू, कलन म्हणजे कॅल्क्युलस न येता वारा समजत नाही. 58 तुला चालणार नाहीत, बाबांसाठी नव्हे, तुझ्याच वहीसाठी.

आणि भाऊ, सोनेगावच्या हवामान केंद्रातून रोज फुगा सोडतात, वरचा वारा मोजायला. रीतसर परवानगी काढून दोघं जाऊन बघा. त्याआधी वही परत करा आणि तिच्यात एक रकाना वाढवायला सांगा: सूर्यास्ताची वेळ.