हात पूर्ण, तरी जिंकता का येत नाही?

प्रश्न: जपानी माहजाँग (टाइल्सचा खेळ) नुकताच शिकतोय. चार सेट आणि एक जोडी जमली, दोन डोरापण (बोनस टाइल) होते, तरी रॉन (दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकणं) करता येईना. असं का?

उत्तर: कारण तुमच्या हातात याकू (जिंकण्यासाठी लागणारी ठरावीक रचना किंवा अट) नव्हता. निदान एक याकू लागतोच, आणि डोराने हान (हाताची किंमत मोजायचं एकक) वाढतात पण डोरा स्वतः याकू नाही, नवीन लोकं इथेच हमखास अडकतात. मान, पिन आणि सोउ हे आकड्यांच्या टाइलचे तीन गट. समजा मानच्या २३४ आणि ५६७, पिनची ३४५, पिनच्याच २ ची जोडी, आणि सोउचे ६-७ धरून ५ किंवा ८ ची वाट बघताय. हात बंद ठेवून (म्हणजे दुसऱ्याची टाइल न उचलता) रिची केलीत, म्हणजे एकाच टाइलची वाट बघतोय असं जाहीर केलंत, तर रिची, पिनफू (सगळ्या सीक्वेन्स, साधी जोडी, दोन्ही बाजूंनी वाट, हात बंद), तान्याओ (फक्त २ ते ८ च्या टाइल) असे तीन हान, म्हणजे डीलर नसाल तर रॉनवर ३९०० पॉइंट. आता यातलीच एक सीक्वेन्स तुम्ही ची करून (दुसऱ्याने टाकलेली टाइल उचलून) घेतलीत की रिची गेली, पिनफूपण गेला, उरला फक्त तान्याओ, तोही ओपन तान्याओ (हात बंद नसताना तान्याओ) चालत असेल तरच, आणि मिळणार १०००! एवढा फरक पडतो, म्हणून दुसऱ्याची टाइल उचलायची घाई खरंच करू नका. ड्रॅगनच्या तिळ्याचं (तीन सारख्या ड्रॅगन टाइल) मात्र वेगळं, ती पोन करून (दुसऱ्याने टाकलेली तिसरी टाइल उचलून) घेतली तरी याकू पक्का.