क्रियापद किंवा विशेषणापासून इंग्रजीत नाम कसं बनवायचं?

एकच एक नियम नाही, पण शब्दाचा शेवट पाहिला की बराचसा अंदाज येतो. क्रियापद '-एट'ने संपत असेल तर शेवटचा 'ई' काढून '-आयन' (ion, उच्चार 'शन') जोडा: क्रिएट, क्रिएशन. '-फाय' असेल तर '-फिकेशन': क्लासिफाय, क्लासिफिकेशन. शेवटी '-ड' किंवा '-मिट' असेल तर बहुधा स्पेलिंगमध्ये 'एस' येतो: डिसाइड–डिसिजन, परमिट–परमिशन (परमिशनमध्ये दुहेरी एस!). अराइव्ह–अरायव्हल, रिफ्यूज–रिफ्यूजल हे मात्र पाठच करावे लागतात.

विशेषणाला '-नेस' सर्वांत सोपा. हॅपीतल्या 'वाय'चा 'आय' होतो, एवढंच. पण '-एबल'चं '-एबिलिटी' आणि '-अंट'चं '-अन्स' होतं, तिथे '-नेस' खटकतो. स्ट्राँग–स्ट्रेंग्थ, डीप–डेप्थमध्ये स्वरच बदलतो.

हमखास चुकणारे दोन: आर्ग्युमेंटमध्ये 'आर्ग्यू'चा 'ई' गळतो, आणि प्रनाउन्सचं नाम 'प्रनन्सिएशन', त्यात 'नाउन' नाही.

परीक्षेत खरे गुण जातात ते वाक्य बदलताना. नाम आलं की क्रियाविशेषणाचं विशेषण करा आणि नवं क्रियापद घाला: 'ही डिसायडेड क्विकली'चं 'ही मेड अ क्विक डिसिजन'. इथे 'क्विक'च्या जागी 'क्विकली' तसंच ठेवलं तर वाक्य चुकतं.