कोपेपॉडच्या (पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवाच्या) अळ्यांचं वर्णन करायचंय? आधी एवढंच कर

मस्त विषय घेतलायस, पण जाळीत सापडलेल्या अळीपासून सुरुवात नको करूस. खाडीच्या नमुन्यात चार जातींच्या अळ्या एकत्र असतात, कुठली कोणाची कळतच नाही. त्यापेक्षा अंडीवाली मादी वेगळी काढ, स्यूडोडायॅप्टोमस या कोपेपॉडची बरी, ती अंडी पिशवीत बाळगते, अकार्टिया ही दुसरी कोपेपॉड मात्र पाण्यात सोडून देते. पिल्लं निघाली की मादी अल्कोहोलमध्ये जपून ठेव, नाहीतर पुढे जातच सिद्ध करता येणार नाही.

साधारण हिशेब म्हणजे ६ नॉप्लियस (अंड्यातून निघाल्यानंतरच्या अळी-अवस्था), मग ५ कोपेपोडिड (प्रौढासारख्या दिसू लागलेल्या पिल्लांच्या अवस्था), मग प्रौढ.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- फक्त लांबीवरून अवस्था ठरवतात. लांबी तापमान आणि खाण्यावर बदलते रे, अवयवांवरचे केस आणि काटे मोज.
- एकाच अळीवरून चित्र काढतात, प्रत्येक अवस्थेच्या निदान दहाएक तरी बघ.
- बार्नॅकलची (खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्याची) अळी कोपेपॉड समजतात! डोक्याच्या दोन कोपऱ्यांना शिंगं दिसली की ती बाजूला ठेव.

आणि फोटोवर भागवू नकोस, पेन्सिलने काढ, काढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही. अवयव सोडवून स्लाइड करणं वगैरे नंतर बघू, आधी पहिली नॉप्लियस नीट काढून दाखव.