सांगलीहून साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना केदारनाथला न्यावं का?

नक्की न्या, फक्त घाई करू नका. दंडोबाचा डोंगर ते सहज चढत असतील तर पायांची फारशी चिंता नाही, प्रश्न श्वासाचा आहे. सांगली साधारण ५५० मीटरवर, केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तिथली हवा विरळ, धडधाकट माणसाचंही डोकं ठणकतं, मळमळतं. त्रास वाढायला लागला तर "एवढं आलोय तर दर्शन घेऊनच जाऊ" म्हणून आईंना पुढे नेऊ नका, लगेच खाली उतरवा. खरा उपाय तोच.

मिरज-सांगलीहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन, तिथून हरिद्वार. पुढे गुप्तकाशीला एक मुक्काम कराच. खासगी गाडी सोनप्रयागपर्यंतच जाते. मग जीपने गौरीकुंड आणि तिथून १६ किलोमीटरच्या वर चढ. वडिलांना सांगा, खेचर किंवा पालखी केली म्हणून पुण्य कमी होत नाही. हेलिकॉप्टर सोपं वाटतं खरं, पण काही मिनिटांत एवढ्या उंचीवर नेऊन सोडतं, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

जुलै-ऑगस्ट टाळा, दरडी कोसळतात. दसऱ्याच्या आसपास बरं, त्याहून फार उशीर नको, कारण भाऊबीजेला मंदिर बंद होतं. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. आणि गोळ्यांची डबी खेचरावरच्या सामानात नको, जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा.