विधवा गरोदर राहिली तर पाप फक्त तिचंच कसं? हे एकोणिसाव्या शतकात कुणीच विचारलं नाही का?

विचारलं होतं, आणि तेही एका बाईने, छापील पुस्तकातून.

१८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे सुरू झाले. त्या मुलाचा बाप कोण, याची फिकीर कुणाला नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून याला उत्तर दिलं. जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बायको गेली की पुरुष लगेच बोहल्यावर चढायला मोकळा, आणि नवरा गेला की बाईचं केशवपन; हा न्याय त्यांना मान्य नव्हता. पोथ्यापुराणांतल्या देवादिकांनाही त्यांनी सोडलं नाही. त्या काळी केवढं हे धाडस! टीका झालीच, पण जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

फुले दांपत्याने तर १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा तिथेच ठेवावं; पुढचा सांभाळ ते करत. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, आणि तो पुढे डॉक्टर झाला.