सीमेवरचा कॅमेरा घरबसल्या बघता येईल का?

प्रश्न : साहेब, तुम्ही सीमा सुरक्षा दलात होतात म्हणून विचारतो. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा आम्ही चौघं मोबाइलवर पाळीपाळीनं बघतो. मागच्या पावसाळ्यात त्यामुळे एक सायकलचोर सापडला. मग सीमेवरचे कॅमेरेही लोकांना का दाखवत नाहीत? अमेरिकेत टेक्सासनं दाखवले होते, असं मुलगा सांगतो. रात्री झोप येतच नाही, निदान देशाच्या उपयोगी पडेन. शिवाय पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला यात काही करता येईल का?
– एक वाचक, जेल रोड

उत्तर : दादा, तुमची तळमळ मला कळते. निवृत्तीनंतर मीही बरेच दिवस रात्री दोनला दचकून उठायचो, पहाऱ्याची पाळी चुकली की काय म्हणून.

मुलगा सांगतो ते खरं आहे. टेक्सासनं नोव्हेंबर २००६ मध्ये महिनाभर चाचणी घेतली आणि २००८ पासून मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकाठचे कॅमेरे इंटरनेटवर खुले केले. संशयास्पद काही दिसलं की घरबसल्या तिथल्या शेरीफला, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाला, कळवायचं. बघणारे अफाट मिळाले, पार परदेशांतलेही. पण पहिल्या दोनेक वर्षांत सुमारे ४० लाख डॉलर खर्च झाले आणि अटक झाली २६ जणांना. २०१२ पर्यंत ते सगळं बंद पडलं.

असं का झालं असेल, हे मी धुबरीच्या अनुभवावरून सांगतो. आसामात ब्रह्मपुत्रा जिथे बांगलादेशात शिरते तिथे ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कुंपण घालताच येत नाही. सगळं पाणी, आणि मध्ये वाळूची बेटं, ज्यांना तिकडे ‘चर’ म्हणतात. दर पुरात एखादा चर वाहून जातो, दुसरीकडे नवा उभा राहतो. मार्च २०१९ मध्ये तिथे दिवसा-रात्री बघणारे कॅमेरे आणि सेन्सर बसले. माझी शेवटची दोन वर्षं त्याच पडद्यांपुढे गेली.

एका रात्री पडद्यावर चार पांढऱ्या आकृत्या आल्या. कमरेएवढ्या पाण्यात, वाकलेल्या, दोन पावलं चालून थांबणाऱ्या. शेजारचा नवा मुलगा वायरलेस उचलायलाच निघाला होता. मी म्हटलं, थांब. पळून जाणारा माणूस मागं बघतो. हे चौघं खाली बघत होते, आणि दर थांब्याला एकाच बाजूला झुकत होते. जाळं ओढत होते बिचारे! तरी होडी पाठवून खात्री केली. पलीकडच्या चरावरचे आपलेच कोळी निघाले.

त्याच नदीत उलटंही व्हायचं. पाणवेलीचा एक पुंजका प्रवाहाला तिरका सरकताना दिसला. पाणवेल कधी तिरकी जाते का? आत तस्करीच्या गुराचं डोकं होतं.

हे ओळखायला मला कित्येक वर्षं नाक्यावर, म्हणजे रात्रभर दबा धरून, बसावं लागलं. हजारो घरांतून हजारो लोक बघू लागले, तर त्या कोळ्यांवर रोज रात्री हजार बोटं रोखली जातील. ते गरीब आहेत, रात्रीच मासे धरतात, आणि तेही आपल्याच देशाचे नागरिक आहेत. मला हे अजिबात मान्य नाही. दुसरं, जे चित्र तुम्हाला दिसेल ते तस्करालाही दिसेल. कॅमेरा कुठवर पोहोचतो आणि धुकं पडल्यावर कधी आंधळा होतो, हे त्याला फुकटात कळेल. डिसेंबरात तिथे असं धुकं पडतं की उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यालाही पलीकडचा काठ दिसत नाही.

तुमच्या गेटवर जमतं, कारण तिथले चेहरे तुमच्या ओळखीचे आहेत. शिवाय खाली उतरून ‘कोण पाहिजे?’ असं विचारायला तुम्हाला दोन मिनिटं पुरतात. धुबरीत पडद्यावर ठिपका दिसल्यापासून होडी तिथे पोहोचेपर्यंत कधी अर्धा तास जायचा.

पुतण्याला मात्र जरूर या कामाला लावा. वाहत्या पाणवेलीतून पोहणारं जनावर वेगळं ओळखणारा प्रोग्राम त्यानं लिहावा. कोळ्याची चाल आणि चोराची चाल त्यात वेगळी ओळखता आली, तर फारच उत्तम. चित्रीकरणाला लांब जायला नको. गोदावरीला पाणी वाढलं की सायखेड्याच्या पुलाला पाणवेली येऊन अडकतात. पहाटे जा म्हणावं, धुकंही मिळेल.